दुरुस्तीचे तीन दिवस

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलमागच्या रस्त्यावर एका मजुराचा मृतदेह सापडला, त्याची बातमी मी चार ओळींत दिली होती. अज्ञात वाहनाची धडक, वय अंदाजे तीस, पुढील तपास सुरू. मजकूर पोलीस ठाण्याच्या नोंदीवरून घेतला होता. त्या पट्ट्यातून अशा बातम्या नेहमी येत आणि पानाच्या तळाशी जागा उरेल तशा बसवल्या जात.

पंधरा दिवसांनी त्याची बायको आमच्या वाशीच्या कार्यालयात आली. ती लातूरकडच्या एका खेड्यातली. नवरा आठ महिन्यांपूर्वी कामाला इकडे आला, ती गावाकडेच राहिली. त्यानंतर तिनं त्याला पाहिलं ते थेट शवागारात. तिच्या हातात माझ्या बातमीचं कात्रण होतं.

“हे तुमीच लिवलंय का?”

मी हो म्हणालो.

“तुमी बघितलं व्हतं का तेन्ला?”

“नाही.”

“म्या बघितलंय. गाडीनं उडवलेला मानूस आसा ऱ्हात न्हाई. अंगावर एक खरचटा न्हाई, रस्त्याची माती न्हाई. पाय धड, टकुरं धड. भुवईपाशी जरा रगात व्हतं. आन उजवा हात कोपरापासनं भाकर थापल्यागत सपाट. केसात काळं तेल. आता तुमीच सांगा, कंची गाडी फकस्त हातावरनं जाती?”

नवऱ्यानं फोनवर कारखान्याचं नाव सांगितलं होतं. तिथे प्रेस यंत्रांखाली पत्रे दाबून मोटारींचे भाग तयार होत. ती गेटवर गेली तेव्हा या नावाचा कुणी इथे कधीच नव्हता, असं तिला सांगण्यात आलं. ते एका अर्थानं खरं होतं. ठेकेदाराच्या माणसांची नावं हजेरीपटावर नसत. कामगार कार्यालयात तिला सांगितलं, सोबत काम करणारा एक माणूस आणा, एकच, तो जबाब देईल तर पुढे जाता येईल. ती कामगारांच्या वस्तीत दहा दिवस फिरली. लोकांनी तिला चहा दिला, जेवू घातलं, झोपायला खोली दिली. प्रेसवरचा एकही माणूस तिच्याशी बोलला नाही.

“परत लिवा,” ती म्हणाली.

कोणी सांगितल्याशिवाय लिहिता येत नाही, असं मी म्हणालो.

“तेच तर पायजे मला.”

मी तिला घणसोली गावात एका चित्रकर्तीकडे घेऊन गेलो. तिच्यावर मी पूर्वी एक लेख केला होता. ती गावातलीच, पस्तिशीची. वडिलांची शेती शहरासाठी गेली आणि घरावर भाड्याच्या खोल्यांचे मजले चढले. त्यांतल्याच एका खोलीत तिचे रंगाचे डबे असत. मिठागरात राबलेल्या बायकांचे, सफाई कामगारांचे, खाडीवर जाळी टाकणाऱ्यांचे बारा-बारा फुटी चेहरे तिनं गावातल्या भिंतींवर काढले होते. सोबतीला एक पेंटर होता. तो आधी तुर्भ्याला ट्रकांच्या पाठीवर अक्षरं आणि मोर रंगवत असे.

तिची कामाची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी रेषा आणि कातडीचा रंग. मग तीन दिवस ती स्वतःहून काहीच काढत नसे. परात उलटी घालून भिंतीखाली बसायची आणि त्या माणसाला ओळखणारे येऊन चुका सांगायचे. नाक बसकं होतं, हनुवटीवर खळी होती. पटलं की ती उठून दुरुस्त करायची, तिथून एक बारीक पांढरी रेघ ओढायची आणि रेघेच्या टोकाला सांगणाऱ्याचं नाव लिहायची. चित्र पूर्ण झालं तरी नावं तशीच राहात.

“चेहरा माझा नाय,” ती म्हणायची. “ज्यानं सांगितला त्याचा हाय. मी फकत हात चालवते.”

घणसोलीत म्हाताऱ्या बाया आपलं नाव दाखवायला नातवंडांना भिंतीपाशी घेऊन यायच्या. माझ्या लेखात या पद्धतीचं कौतुक होतं.

विधवेचं बोलणं तिनं मध्ये न बोलता ऐकलं. मग विचारलं, “फोटो हाय?”

होता तो रेशनकार्डासाठी काढलेला, एकोणिसाव्या वर्षाचा.

“हा तर पोरगा हाय. मेला तेव्हा कसा दिसायचा?”

विधवेनं फोटो परत घेतला आणि म्हणाली, “तेच तर हितल्या लोकांस्नी ठाव.”

कारखान्याच्या गेटसमोर, रस्त्यापलीकडे, चित्रकर्तीच्या चुलत भावाचं गोदाम होतं. त्याची मागची भिंत तिनं मागून घेतली. पेंटरनं सुतळी गेरूत बुडवून भिंतीवर ताणली, झटके देऊन चौकटी आखल्या, आणि संध्याकाळपर्यंत एकोणीस वर्षांच्या पोराचा चेहरा गेटसमोर उभा राहिला.

दुरुस्तीच्या पहिल्या दिवशी वस्तीतले लोक आले. तो जिथे जेवायचा त्या खानावळीची मालकीण पदरानं हात पुसत आली आणि वर बघून म्हणाली, “अगं बाई, एवढे गाल? माझ्याकडचं जेवून एवढे गाल आले असते तर मी बोर्डावर लावला नसता का फोटो? बसव ते गाल.” न्हाव्यानं मिशी सांगितली, खाली वळलेली. प्रत्येक दुरुस्तीला विधवा मान वर करून बघायची आणि घरी तो कसा होता ते सांगायची. गाल बसल्यावर मात्र तिनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातली माणसं बाहेर आली. आधी लांबूनच.

“एवढा गोरा कुठे होता रे तो? शूटिंगला चाललाय काय?”

“तुझ्यापेक्षा गोराच होता.”

“माझ्यापेक्षा तर ही सडकपण गोरी हाय.”

हसत हसत चौघे-पाचजण पुढे आले. त्यांत पन्नाशीचा एक वेल्डर होता. सगळे त्याला काका म्हणत. तो उजव्या भुवईकडे बघत राहिला.

“भुवई पूर्ण नाय. इथून मधून केस गेलेले,” त्यानं स्वतःच्या भुवईवर नख ठेवून दाखवलं. “माझ्याच वेल्डिंगची ठिणगी. चार दिवस शिव्या घातल्या मला.”

चित्रकर्तीनं शिडी चढून भुवई तोडली.

मग प्रेसवरचा एक मदतनीस, पंचविशीचा. “तोंड असं बंद नका दाखवू, ताई. प्रेसवर बसला की जीभ दातांत धरायचा. आमी म्हनायचो, एक दिवस तुटेल.”

तिनं ओठ उघडले आणि दातांत जिभेचं टोक दाखवलं. चेहरा एकदम तिशीचा झाला, कामात गढलेल्या माणसाचा. विधवा पुढे गेली आणि तिनं भिंतीला हात लावला. वेल्डरनं टोपी काढली.

“नाव सांगा, काका,” चित्रकर्ती म्हणाली.

त्यानं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. मदतनिसानंही सांगितलं. तिनं रेघा ओढून लिहिलं. आपलं नाव लिहिलेलं बघून मदतनीस मोबाइल काढून त्याच्यापुढे उभा राहिला. गेली तीन वर्षं तो त्या कारखान्यात जात होता आणि आत कुठल्याही कागदावर त्याचं नाव नव्हतं.

ठेकेदाराचा सुपरवायझर गेटवर उभा होता. तिथूनच ओरडला, “ताई, आमचापण एक काढा की! हॅंडसम आहे मी!” काहीजण हसले. तोही हसला आणि आत गेला.

गालाची गोष्ट खानावळीत कळते, मिशीची न्हाव्याकडे. ठिणगी आणि प्रेसवर बसल्यावरची जीभ ही माहिती फक्त आत काम करणाऱ्याकडेच असू शकते. त्या दोन नावांनी पहिल्यांदाच सिद्ध होत होतं की मेलेला माणूस त्या कारखान्यात होता. हे आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं आणि आम्ही खूश झालो. विधवा वेल्डरला म्हणाली, “दादा, एवढंच तिकडं साहेबाफुडं बोलाल का?” तो म्हणाला, “बघू, वहिनी. बघू.” तो नाही म्हणाला नव्हता.

माझी बातमी तिसऱ्या दिवशी सकाळी पान तीनवर आली. सोबत दोन फोटो होते. पूर्ण भिंतीच्या फोटोत नावं दिसत नव्हती, म्हणून मी जवळून घेतलेला दुसरा दिला होता. फोटोखालच्या ओळींत चूक नको म्हणून तो मोठा करून दोन्ही नावं अक्षर अक्षर तपासली होती.

त्या दिवशी मी बारा वाजता भिंतीपाशी पोचलो. जेवणाची सुट्टी साडेबाराला झाली. बारा चाळीसला एक टेम्पो भिंतीसमोर थांबला आणि सहा माणसं उतरली. चौघांच्या हातांत सळ्या होत्या, एकाकडे तेलाचा डबा. सहाव्याकडे घडी घातलेला पेपर होता. मी रस्त्यापलीकडच्या टपरीवर होतो आणि तिथेच राहिलो.

पेपरवाल्यानं पान उघडलं आणि भिंतीकडे बघितलं.

“भुवईवाला कोण?”

वेल्डर जेवणाचा डबा उघडून दगडावर बसला होता. माणसं त्याच्यापासून सरकली, आणि त्यावरूनच तो कोण हे कळलं.

“तू सांगितलीस ना भुवई? उजवी का डावी?”

वेल्डर उठायला गेला. एकानं मागून त्याचे खांदे धरले. दुसऱ्यानं सळी आडवी फिरवली, उजव्या भुवईवर. आवाज ओल्या लाकडाचा आला. वेल्डर खाली बसला आणि दोन्ही हात चेहऱ्यावर धरले. बोटांमधून रक्त कोपरांपर्यंत आलं. त्यांनी त्याचे हात ओढून बाजूला केले आणि त्याच जागी आणखी एकदा मारलं. तिसरा फटका हातांवर बसला.

“जीभवाला?”

मदतनीस पळाला होता. गोदामाच्या कोपऱ्यावर त्याला पकडून केसांनी ओढत आणलं. “काढ जीभ. दाखव कशी धरायचा.” त्यानं तोंड घट्ट मिटलं. एकानं त्याच्या छातीवर गुडघा दिला आणि दुसऱ्यानं शिडीखालचा ऑइलपेंटचा डबा उचलला. नाक दाबल्यावर तोंड उघडलं. रंग पांढरा होता, नावं लिहायचा. तो खोकत होता, ओकत होता आणि ते ओतत होते. त्यातला एकजण हसत म्हणाला, “गोरा झाला बघ आतून.”

चित्रकर्ती त्याच्या अंगावर धावली. तिला कानाखाली मारून पाडलं आणि तिच्या उजव्या हातावर बूट ठेवून एकजण सगळा वेळ उभा राहिला. पेंटर बांबूच्या परांचीवर, भिंतीच्या वरच्या भागाशी होता. त्यांनी परांचीचे बांबू हलवले. तो बारा फुटांवरून उभाच्या उभा खाली आला आणि दोन्ही टाचा फुटल्या. तो ओरडला नाही, फक्त आपल्या पायांकडे बघत राहिला. विधवेला कुणी हात लावला नाही. ती वेल्डरचं डोकं मांडीवर घेऊन, जखमेत पदर दाबून बसली होती. जाताना त्यांनी तिला एवढंच सांगितलं, “गावाला जा, बाई. इथं रस्ते चांगले नाहीत.”

शेवटी डब्यातलं काळं तेल चेहऱ्यावर फेकलं. ते कपाळावरून हनुवटीपर्यंत ओघळलं. मी वेळ टिपली, बारा एकावन्न. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि कारखान्यातली माणसं आत गेली.

पोलिसांनी नोंद केली ती आपापसातील वादाची. त्यानंतर मी या प्रकरणात कुणाचंही नाव छापलेलं नाही आणि इथेही देत नाही.

मदतनिसाच्या पोटातला रंग महापालिकेच्या रुग्णालयात धुऊन काढला. दुसऱ्या दिवशी तो खाटेवर नव्हता. फोन बंद. खोलीला कुलूप. वेल्डरचा उजवा डोळा वाचला नाही. विधवा त्याला बघायला गेली तेव्हा त्याच्या बायकोनं तिला वॉर्डाच्या दारातच अडवलं.

“तुझा मेला. मला वाईट वाटतंय, देवाशपथ वाटतंय. पण माझा जिवंत हाय, तो ऱ्हाऊ दे. परत येऊ नकोस.”

ती परत गेली नाही.

चुलत भावाचा निरोप आला. भिंत माझी हाय, भांडन तुझा हाय, पुसून टाक. चित्रकर्तीच्या हाताची दोन बोटं बांधलेली होती. ती डाव्या हातात खरवडणी घेऊन गेली. विधवेनं शिडी धरली.

“चेहरा नंतर,” चित्रकर्ती मला म्हणाली. “आधी नावं. घनसोलीत कोनाचं बी नाव लिवताना भ्यायला लागलं नाय. हितं कोन उभा हाय ते मी बघितलंच नाय. ज्यांनी सांगितलं त्यांचा मान म्हनून लिवत गेले, आनि मारनाऱ्यांना यादी करून दिली.”

मी म्हणालो, यादी मी छापली.

“हो,” ती म्हणाली. “तुमी बी.”

सुकलेला ऑइलपेंट सहज निघत नव्हता. वेल्डरच्या नावाशी ती आली तेव्हा थांबली आणि खाली बघितलं. ते नाव गेलं की विधवेजवळ काहीच उरत नव्हतं.

“काढा, ताई,” विधवा म्हणाली. “तेंचा डोळा गेला. आता काय तेन्ला भिंतीवर टांगून ठेवायचं का मी?”

नावं निघाली. चेहरा चुलत भावानं त्याच आठवड्यात चुना मारून झाकला. तेल चुन्यातून वर येत राहिलं आणि त्याला तीनदा चुना मारावा लागला.

विधवेच्या अर्जावर कामगार कार्यालयात सुनावणी लागली, तिला तिच्याबरोबर मी गेलो. तिनं गावाकडचं तिकीट काढलेलं होतं. साक्षीदार नाही म्हणून सांगायचं आणि निघायचं, असं तिनं ठरवलं होतं. माझी वही मी सोबत घेतली होती. भिंतीपाशी काय ऐकलं ते मी अधिकाऱ्यांना सांगितलं.

“तुम्ही स्वतः पाहिलंत त्याला कारखान्यात?”

“नाही.”

“मग बसा.”

ठेकेदाराचा वकील आणि सुपरवायझर समोर बसले होते. अधिकारी फाइल बंद करत असताना वेल्डर दारात आला. डोळ्यावर पांढरी पट्टी होती. मागे त्याची बायको होती, ती कुणाकडेच बघत नव्हती.

वकील म्हणाला, हा माणूस आमच्याकडे कामाला नाही, याचं नाव हजेरीपटावर नाही.

“नाय ना,” वेल्डर म्हणाला. “कोनाचंच नाय.”

अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, इतके दिवस का आला नाहीत.

“काम जाईल म्हनून. आता एका डोळ्यानं वेल्डिंग होत नाय, कोन घेनार मला? काम गेलं. मग गप्प बसून काय वाचवायचं?”

सुपरवायझर पुढे वाकून हळूच, जवळच्या माणसासारखा म्हणाला, “काका, दुसरा सांभाळा.”

अधिकाऱ्यांनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी टायपिस्टला खूण केली.

वेल्डर उभ्यानं बोलला. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात बाहेर राहतात. उजवं बटण टेप मारून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, माल लवकर निघावा म्हणून. त्यामुळे डावा हात बटणावर आणि उजवा आत. पत्रा अडकला. तो काढायला वाकला आणि डाव्या हाताचा बटणाला धक्का लागला.

“मी मेन स्विच पाडला. पन प्रेस वर घ्यायला चाक हातानं फिरवायला लागतं. वेळ गेला. हात निघाला तेव्हा हातासारखा नव्हता. सुपरवायझर बोलला, हॉस्पिटलात नेतो. आमी चौघांनी उचलून टेम्पोत ठेवला.”

“त्या वेळी तो जिवंत होता?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो. बोलत होता. पानी मागत होता.”

विधवा उठली. “मंग दिलं का पानी?”

“बाई, तुम्हाला मध्ये विचारता येणार नाही,” अधिकारी म्हणाले.

ती वेल्डरच्या उजव्या बाजूला होती. तिच्याकडे बघायला त्याला सगळी मान फिरवावी लागली.

“नाय दिलं, वहिनी. सुपरवायझर बोलला, ऑपरेशन करायला लागेल, पानी पाजू नका. मला खरं वाटलं. बाटली माझ्या हातात होती.”

त्याच्या बायकोनं तोंडावर पदर धरला. टायपिस्टचे हात थांबले होते. वकील म्हणाला, या तपशिलाचा प्रकरणाशी संबंध नाही, तो नोंदवू नये.

“साहेब, हे घ्यायचं का?” टायपिस्टनं विचारलं.

अधिकारी फाइलकडे बघत राहिले. विधवा टेबलापाशी गेली आणि टायपिस्टशी बोलली.

“घ्या. तेनी पानी मागितल्यालं घ्या, आन कुनी देऊ दिलं न्हाई तेबी घ्या.”

अधिकाऱ्यांनी मान हलवली. टायपिस्टनं ती दोन वाक्यं टाइप केली, वाचून दाखवली आणि वेल्डरपुढे सहीसाठी कागद सरकवला. सही कुठे करायची ती रेघ त्याला दिसेना. विधवेनं तिथे बोट ठेवलं.